चपळ कुत्रा कुंपणाच्या आत सुरक्षित कसा ठेवायचा

कुंपण किती उंच हवं, हा प्रश्न चपळ कुत्रा पाळणारा प्रत्येक जण आधी विचारतो. उत्तर पुढे येईलच, पण त्याआधी दोन आकडे पाहा. फ्रेंच रिंग या श्वानक्रीडेत वरच्या पातळीवर उडीचे वेगवेगळे अडथळे असतात. हर्डलवरून कुत्र्याने झेप घेऊन पलीकडे जायचं असतं आणि त्याची उंची जास्तीत जास्त 1.20 मीटर ठेवतात. पॅलिसेड म्हणजे लाकडी फळ्यांची उभी भिंत. ती 2.30 मीटरपर्यंत वाढवतात आणि तयारीचे बेल्जियन मॅलिनॉय तीही पार करतात. एवढा फरक पडतो तो पद्धतीमुळे. कुत्रा वेगात येतो, भिंतीवर झेपावतो, मागच्या पायांनी तिला रेटा देतो, पुढचे पंजे वरच्या कडेवर अडकवतो आणि अंग वर ओढून घेतो.

घरच्या आवारातही हेच घडतं. सहा फुटी कुंपण ओलांडणारा कुत्रा बहुतेक वेळा चढून गेलेला असतो. म्हणून उंचीइतकाच विचार पंज्याला मिळणाऱ्या पकडीचा करावा लागतो. पाय रोवायला मध्ये जागा नको आणि अडकवायला वर कड नको.

दुसरी गोष्ट कुत्र्याच्या शिकण्याची. एकदा तो बाहेर पडला की इथून बाहेर पडता येतं हे त्याला पक्कं कळतं. बाहेर मांजर असतं, नवे वास असतात, दुसरे कुत्रे असतात, म्हणजे त्याच्या कष्टाचं बक्षीस लगेच हातात पडतं. पुढे दहा वेळा प्रयत्न फसला तरी तो सोडत नाही, कारण अधूनमधून मिळणारं यश सवय आणखी घट्ट करतं. त्यामुळे 'आधी चार फूट लावू, ओलांडलं तर पाच करू, मग पाहू' हा मार्ग मला सगळ्यांत घातक वाटतो. अशा चढत्या उंचीने आपण त्याला पायरीपायरीने उडीचा सरावच देत असतो. जे करायचं ते पहिल्या वेळीच पुरेसं करा.

पिल्लू आणलं असेल तरी हाच हिशेब. आज चार महिन्यांचं पिल्लू दोन फुटांच्या फळीशी अडतं, पण दीड-दोन वर्षांचा झाल्यावर त्याच्या मागच्या पायांत पूर्ण ताकद येते. उंची मोठ्या कुत्र्याच्या हिशेबाने ठेवा. गजांमधलं अंतर मात्र पिल्लाच्या डोक्याच्या मापाने.

तो बाहेर का जातो, ते आधी शोधा

कारण कळलं की निम्मं काम दिशेला लागतं, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. सायबेरियन हस्कीची पैदास स्लेज ओढत लांबच्या लांब पळण्यासाठी झाली, बॉर्डर कॉलीची दिवसभर मेंढ्या वळण्यासाठी. अशा कुत्र्याला चार भिंतींत काहीच काम नसेल तर तो काम शोधायला बाहेर पडतो. ग्रेहाउंड आणि सालुकी नजरेने शिकार हेरतात. त्यांना जाळीपलीकडे पळणारा ससा दिसला की विचाराला वेळच उरत नाही. टेरियर आणि डॅशहुंड बिळातल्या प्राण्यांमागे जाण्यासाठी तयार झालेले, त्यामुळे ते वर पाहण्याआधी खाली खणतात. जात ओळखीची नसेल तर कुत्र्याला नुसतं पाहत बसा. कंटाळल्यावर तो कुठे जातो आणि काय करतो, यावरून त्याचा मार्ग कळतो.

नर कुत्र्याला माजावर आलेल्या मादीचा वास बराच लांबून येतो आणि त्या दिवसांत तो एरवी कधी न केलेल्या उड्या मारतो. नसबंदीने हे भटकणं बऱ्याच नरांमध्ये कमी होतं. ती कोणत्या वयात करावी हे जातीवर आणि आकारावर अवलंबून असतं, म्हणून पशुवैद्यांना विचारूनच ठरवा. मादी माजावर असेल तर साधारण तीन आठवडे तिला आवारात क्षणभरही एकटी ठेवू नका. त्या काळात बाहेरचे नर आत येण्यासाठी धडपडतात.

भीतीचं कारण वेगळं आहे आणि त्यावर कुंपणाने उत्तर मिळत नाही. मेघगर्जना किंवा फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा जाळी दातांनी फाडतो, दात मोडून घेतो, नखं उपटेपर्यंत ओरबाडतो. त्याला फक्त त्या जागेपासून दूर जायचं असतं. अशा वेळी त्याची जागा घरात, खिडक्या बंद असलेल्या खोलीत, माणसांजवळ आहे.

एकटेपणाची भीतीही याच जातकुळीची. ओळखायची खूण अशी: तुम्ही घरी असताना तो कुंपणाकडे फिरकतही नाही, पण तुम्ही गेल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच धडपड सुरू होते. तीही तुम्ही गेलात त्याच फाटकाजवळ किंवा दाराजवळ. लाळ गळते, आवाज न थांबता चालू राहतो. अशा कुत्र्यासाठी कुंपण दुप्पट मजबूत केलं तर तो स्वतःला दुप्पट इजा करून घेईल. त्याला पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांची मदत हवी, आणि ते शक्य होईपर्यंत त्याला एकटं न सोडणं हवं.

नेमका कुठून आणि कसा जातो हे कळत नसेल तर एखादा जुना मोबाइल खिडकीत लावून चित्रण करा. अंदाजाने दुरुस्ती करत बसण्यापेक्षा एका दुपारचं चित्रण जास्त सांगतं.

आवाराची फेरी

मोजपट्टी, खडू आणि वही घेऊन कुंपणाच्या आतून एक पूर्ण फेरी मारा, मग बाहेरून दुसरी. आतली फेरी शक्य तिथे गुडघ्यांवर बसून करा. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या फटी कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवर लगेच दिसतात. जाळीचा तळ हाताने आत-बाहेर ढकलून पाहा. मनगट सहज खाली सरकलं तर कुत्र्याचं नाकही सरकेल, आणि जिथे नाक घुसलं तिथे पुढची मेहनत तो स्वतः करेल.

उंची नेहमी आतल्या बाजूने मोजा. बाहेरून सहा फूट दिसणारं कुंपण आतल्या मातीच्या उंचवट्यापाशी साडेचार फूटच भरतं. उतारावर तर आणखी सावध राहावं लागतं, कारण चढावरून उताराकडे पळत येणाऱ्या कुत्र्याला खालच्या टोकाचं कुंपण ठेंगणं पडतं.

मग चढायला आधार देणाऱ्या वस्तू: लाकडांचा ढीग, बाक, मोठ्या कुंड्या, पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं यंत्र, उभी केलेली गाडी, आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते खुद्द कुत्र्याचं घर. त्याचं छप्पर म्हणजे तयार चौथरा. कुंपणापासून निदान दोन मीटरच्या पट्ट्यात असं काहीही ठेवू नका. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात वाऱ्याने कुंपणाला लागून साचलेला ढीगही तेच काम करतो. तो वरचेवर हटवावा लागतो.

कोपऱ्यांवर खडूने वेगळी खूण करा. दोन बाजू काटकोनात मिळतात तिथे कुत्रा दोन्हीकडे पाय रेटत वर जातो. सरळ रेषेत चढू न शकणारे कुत्रेही कोपऱ्यातून चढतात.

उंची, खांब आणि जाळी

चपळ, मध्यम ते मोठ्या कुत्र्यासाठी सहा फूट, म्हणजे 1.8 मीटर, ही सुरुवात धरा. चार फुटी कुंपण अशा कुत्र्याला फक्त सीमेची जाणीव देतं. मॅलिनॉय, हस्की किंवा एकदा पळून गेलेला कोणताही कुत्रा असेल तर सहा फुटांवर वरच्या कडेचा बंदोबस्त लागतोच. तो पुढे सांगितला आहे. पुष्कळ ठिकाणी कुंपणाच्या उंचीवर स्थानिक नियमांची मर्यादा असते. बांधण्याआधी ती पाहून घ्या आणि शेजाऱ्यांशीही बोला, कारण कामासाठी त्यांच्या बाजूला जावं लागतं.

सगळ्यांत चांगला पृष्ठभाग सपाट: उभ्या फळ्या जवळजवळ लावलेलं लाकडी कुंपण किंवा भिंत. लाकडी कुंपणात आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला येतील असं बांधा. त्या आत आल्या तर कुत्र्याला शिडी मिळते. पट्ट्या आधीच आत असतील तर कुंपण मोडायची गरज नाही. आतून त्यांच्यावर सपाट फळ्या किंवा पत्रे ठोकून त्या झाका.

साखळी जाळी स्वस्तात आणि लवकर होते, पण तिची सुमारे 50 मिलिमीटरची नेहमीची भोकं पंज्याला पकड देतात. चढणाऱ्या कुत्र्यासाठी बारीक भोकांची, 25 मिलिमीटरच्या आसपासची जाळी घ्या. तारेच्या जाडीत गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्या. 9 गेज म्हणजे सुमारे 3.7 मिलिमीटर आणि 11 गेज म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी ताकदीचा कुत्रा दातांनी तोडतो, आणि तुटलेल्या टोकांनी त्याचं तोंड फाटतं. ती या कामाची नाही.

खांबांचा साधा नियम: जमिनीवर जेवढी उंची, तिच्या एक तृतीयांश खोली जमिनीत. सहा फुटी कुंपणासाठी दोन फूट खड्डा आणि काँक्रीट. दोन खांबांत 2.4 ते 3 मीटर अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर जाळी मध्ये झोळते. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना तिरके आधार द्या, सगळा ताण त्यांच्यावर येतो. जाळीच्या तळाशीही एक जाड तार ताणून बांधा किंवा आडवा पाइप लावा. वरून घट्ट आणि खालून मोकळी जाळी हा सर्रास दिसणारा दोष आहे, आणि कुत्रा नेमका तिथेच नाक घालून खालून सरपटतो.

ग्रेहाउंडसारखे कुत्रे ताशी 65 ते 70 किलोमीटर वेगाने धावतात. पातळ तारेची जाळी त्यांना भर वेगात दिसत नाही आणि ते थेट आदळतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर रुंद पट्टी, फळी किंवा रंगीत कापड लावलं की तो अपघात टळतो.

वरची कड

हा भाग मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. कड हाती लागू न देण्याचे दोन भरवशाचे मार्ग आहेत.

पहिला, आत झुकलेला माथा. प्रत्येक खांबाच्या टोकाला 45 अंशांत आतल्या बाजूला झुकणारे लोखंडी हात जोडा आणि त्यांवर 45 ते 60 सेंटीमीटर रुंद जाळी ताणा. वर चढत आलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर आता छत येतं. ते ओलांडायला त्याला हवेत मागे झुकून बाहेर यावं लागेल, आणि ते जवळजवळ कोणालाच जमत नाही. झुकाव आतल्याच बाजूला हवा. बाहेर झुकलेला माथा चोराला अडवतो, पण कुत्र्याला उलट पाय टेकायला जागा देतो. सगळीकडे लावणं परवडत नसेल तर कोपऱ्यांपासून सुरुवात करा, आणि कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या जाळ्या एकमेकींना शिवून मधला त्रिकोणही बंद करा.

दुसरा मार्ग फिरत्या पाइपचा. कुंपणाच्या माथ्यावर जाड तार किंवा बारीक पाइप घट्ट ताणायचा आणि त्यावर 75 ते 100 मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप मोकळा ओवायचा. पंजे वर टेकले की पाइप गरकन फिरतो, पकड सुटते आणि कुत्रा आतच खाली येतो. एकेक तुकडा सव्वा मीटरच्या आसपास ठेवा. लांब पाइप मध्ये वाकतो आणि फिरायचा थांबतो. दोन तुकड्यांत पंजा रोवता येईल एवढी फट राहू देऊ नका. कुंपण इतकं ठेंगणं असेल की कुत्रा पाइपला न शिवता वरून जातो, तर हा उपाय निरुपयोगी आहे. तो पुरेशा उंचीवरच बसवायचा.

या दोन्हींनी न अडणारे कुत्रे फार थोडे. त्यांच्यासाठी आवाराच्या एका भागात वरून पूर्ण जाळी घातलेला मोठा पिंजरा बांधा आणि बाकी आवार तुमच्या सोबतीतच वापरा. इतकं करावं लागणं म्हणजे अतिरेक, असं मला अजिबात वाटत नाही. रस्त्यावर वाहनाखाली येण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

काटेरी तार, टोकदार भाले किंवा भिंतीवर लावलेल्या काचा कधीही वापरू नका. भेदरलेला किंवा शिकारीमागे लागलेला कुत्रा त्यांना पाहून थांबत नाही. तो त्यांच्यावरून जातो, आणि पोट, मांड्या, पंजे फाटून घेतो.

खणणाऱ्यांसाठी तळ

कुत्रा खणतो ते कुंपणाच्या अगदी मुळाशी, कारण तिथेच तो अडलेला असतो. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा सुरू करावा, हे त्याला सुचत नाही. याचा फायदा घेणारी सोपी रचना म्हणजे जमिनीवर आडवी पसरलेली जाळी.

जस्ताचा लेप असलेली 90 सेंटीमीटर रुंद वेल्डेड जाळी घ्या. ती काटकोनात वाकवा: 30 सेंटीमीटर उभी, 60 सेंटीमीटर आडवी. उभा भाग कुंपणाच्या तळाला आतून लावून दर वीतभर अंतरावर तारेने बांधा. आडवा भाग आवारात आतल्या बाजूला जमिनीवर पसरा, इंग्रजी यू आकाराच्या खिळ्यांनी जागोजाग रोवा आणि वर माती टाका. गवत उगवलं की जाळी दिसेनाशी होते आणि मुळं तिला आणखी धरून ठेवतात. कापलेली टोकं खाली वळवायला विसरू नका, नाहीतर पंजे चिरतात. खणण्याची सवय आधीच जडली असेल तर पहिले काही आठवडे जाळीवर सपाट दगड किंवा फरशा ठेवा.

कुंपणाखाली फूटभर खोल काँक्रीटची पट्टी घालणं जास्त टिकाऊ, पण कष्टाचं. तसं खणणार असाल तर पाण्याचे नळ, वीज आणि गॅसच्या वाहिन्या कुठून गेल्या आहेत ते आधी माहीत करून घ्या.

शिवाय त्याला खणायला एक जागा हक्काची द्या. सावलीत वाळूचा खड्डा करून त्यात खेळणी आणि चघळायच्या वस्तू पुरा. कुंपणाशी खणताना दिसला तर न ओरडता तिथे आणा आणि सापडलेल्या वस्तूबद्दल शाबासकी द्या.

फाटक

कुंपण कितीही भक्कम असलं तरी ते दिवसातून अनेकदा उघडतं, आणि उघडणारी माणसंच असतात. म्हणून फाटकाची रचना माणूस विसरेल हे धरूनच करा.

फाटक आत उघडणारं ठेवा, म्हणजे कुत्र्याने आतून रेटलं तर ते आणखी घट्ट बसतं. आपोआप बंद होण्यासाठी स्प्रिंगची बिजागरी लावा. खाली दाबून उघडणारी मूठ टाळा. पंजा मारून ती उघडायला हुशार कुत्रा लवकर शिकतो. कडी-कोयंडा बाहेरच्या बाजूला हवा आणि त्यात स्प्रिंगची कडी किंवा कुलूप अडकवलेलं हवं. उंच फाटकाला एकच कडी मध्यावर असेल तर खालचा कोपरा अंगाच्या जोराने वाकतो आणि फट पडते, म्हणून वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या लावा. उचलून निघणाऱ्या बिजागऱ्या असतील तर वरची उलटी बसवा, म्हणजे फाटक वर उचलता येत नाही. फाटकाखालची जमीन ये-जा करून झिजते आणि महिन्याभरात तिथे घळ पडते. तिथे फरशी किंवा काँक्रीटचा उंबरा घाला.

पण सगळ्यांत मोठा फरक पडतो तो दुहेरी फाटकाने. पहिल्या फाटकाच्या आत साधारण चार बाय सहा फुटांची बंदिस्त जागा करून तिला दुसरं फाटक लावा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांचा नियम. पायांमधून निसटणारा कुत्रा त्या मधल्या जागेत अडकतो आणि तुम्ही शांतपणे त्याला आत घेता. एकाच गोष्टीवर खर्च करायची ऐपत असेल तर मी यावर करायला सांगेन.

गाडीचं मोठं फाटक उघडण्याआधी कुत्रा घरात किंवा पट्ट्याला बांधून दुसऱ्याच्या हातात असलाच पाहिजे. पाहुणे, कामगार, सामान पोचवणारे यांच्यासाठी ठळक पाटी लावा: 'कुत्रा मोकळा आहे. फाटक लावा.' आणि तरीही कुलूप ठेवा.

नजर आणि झेपेची जागा

जाळीतून रस्ता दिसत राहिला की येणारा-जाणारा प्रत्येक कुत्रा, सायकल, मांजर हे त्याला आमंत्रण ठरतं. वर्दळीच्या बाजूला हिरवं शेडनेट किंवा बांबूची चटई लावल्यावर अनेक कुत्र्यांची धडपड दोन-चार दिवसांत निवळते. मात्र आडोसा लावला की कुंपणावर वाऱ्याचा जोर कितीतरी वाढतो. कच्च्या खांबांवर तो लावू नका. काही कुत्रे याउलट काहीच दिसत नाही म्हणून उड्या मारून डोकावतात. तसं दिसलं तर खालच्या भागात एक जाळीदार खिडकी ठेवा. शेजारच्या कुत्र्याशी जाळीतून भांडण होत असेल तर दोन कुंपणांमध्ये निदान मीटरभर मोकळा पट्टा लागतो. नाकं एकमेकांना भिडू शकतील तोवर ते थांबत नाही.

कुंपणाच्या आत तीन-चार फुटांवर दाट झुडपांची ओळ लावली तर धावत येऊन झेप घ्यायची जागाच मोडते. झुडपं निवडताना कण्हेर आणि घाणेरी टाळा. दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

साखळी, अदृश्य कुंपण आणि गळपट्टा

कुंपण अपुरं आहे म्हणून कुत्र्याला आवारात साखळीने बांधून ठेवणं, हा उपाय जिवावर बेततो. साखळीची लांबी कुंपणापर्यंत पोचली आणि त्याने उडी मारली तर तो पलीकडे गळफास लागून लटकतो. अशा प्रकारे कुत्रे मेले आहेत. शिवाय बांधलेला कुत्रा आत शिरलेल्या दुसऱ्या कुत्र्यापासून पळू शकत नाही.

जमिनीतली तार आणि विजेचा झटका देणारा गळपट्टा यांना अदृश्य कुंपण म्हणून विकतात. माझं मत स्पष्ट विरोधाचं आहे. शिकारीमागे लागलेला कुत्रा झटका सोसून पार जातो. आवेग ओसरल्यावर परत येताना मात्र तोच झटका त्याला अडवतो, आणि तो बाहेरच राहतो. बाहेरचे कुत्रे किंवा माणसं यांना ते अडवत नाही. टोकं सतत टेकून मानेला जखमा होतात. झटका बसला त्या क्षणी समोर लहान मूल असेल तर वेदनेचा संबंध कुत्रा त्या मुलाशीही जोडू शकतो. वेल्समध्ये असे झटक्याचे गळपट्टे 2010 पासून बेकायदा आहेत.

साधा गळपट्टाही फळीच्या टोकात किंवा जाळीत अडकू शकतो. कुत्रा आवारात एकटा असताना ताण येताच सुटणारा पट्टा वापरा. तो सुटला तर ओळख राहावी म्हणून कातडीखाली बसवायची मायक्रोचिप हवीच. आयएसओ 11784 आणि 11785 मानकांप्रमाणे तिच्यात 15 अंकी क्रमांक असतो आणि वाचनयंत्र जवळ धरल्यावर तो दिसतो. चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी वेगळा जीपीएस ट्रॅकर लागतो. नोंदणीतला तुमचा फोन नंबर बदलला असेल तर आजच दुरुस्त करा. जुना नंबर असलेल्या चिपमुळे कुत्रा सापडूनही घरी पोचत नाही.

आवारातलं आयुष्य

मोकळं आवार म्हणजे व्यायाम, हा समज सोडून द्यावा लागतो. एकटा सोडलेला कुत्रा थोडा वेळ हुंगतो, मग फाटकाशी बसतो. रोज दोनदा बाहेर नेणं, त्यात भरपूर हुंगू देणं, धावणं आणि थोडं डोकं चालवायला लावणारं काम, एवढं मिळालेल्या कुत्र्याला कुंपणाची फारशी आठवण येत नाही. जेवणाचा काही भाग गवतात विखरून टाका. नाकाने शोधताना तो दमतो आणि आवारात थांबायला त्याला कारणही मिळतं. सावली आणि गार पाणी कायम हवं. उन्हाच्या वेळी मात्र तेवढंही पुरत नाही, त्याला घरातच घ्या.

दोन गोष्टी शिकवल्याच पाहिजेत. पहिली, फाटक उघडताना थांबणं. पट्टा लावून फाटकापाशी या, फाटक थोडं उघडा, तो पुढे झाला की बंद करा. थांबला की आवडीचा घास द्या आणि तुम्ही सांगितल्यावरच बाहेर जाऊ द्या. दुसरी, हाक मारल्यावर येणं. आवारात रोज चार-पाच वेळा काहीही काम नसताना हाक मारा, उत्तम खाऊ द्या आणि पुन्हा मोकळं सोडा. हाक म्हणजे प्रत्येक वेळी खेळ संपणं असं झालं की तो येणं टाळू लागतो.

पहिले काही आठवडे

कुंपण पूर्ण झालं म्हणून लगेच कुत्रा एकटा सोडू नका. आधी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावून त्याच्यासोबत फिरा. दोरी गळपट्ट्याला नको, झटका मानेवर बसतो. मग दोरी काढून तुम्ही आवारात बसून राहा. त्यानंतर खिडकीतून पाहा. मागच्या पायांवर उभं राहून कडेकडे टक लावणं, एकाच जागी फेऱ्या, एकाच खांबाशी ओरखडे, हे सगळं प्रयत्नाच्या आधी दिसतं. असं दिसलं त्याच दिवशी ती जागा पक्की करा, यशस्वी उडीची वाट पाहू नका.

आठवड्यातून एकदा कुंपणाची फेरी, आणि वादळ किंवा मोठ्या पावसानंतर कुत्रा सोडण्याआधी एक जास्तीची. वाकलेलं झाड, खचलेली माती, सैल झालेली कडी एका रात्रीत तयार होते.

सुटलाच तर

त्याच्या मागे धावू नका. पाठलाग त्याला खेळ वाटतो किंवा घाबरवतो. दिसत असेल तर उलट दिशेला पळा, त्याला हाक मारा, खाली बसा, पाठ वळवून जमिनीत काही सापडल्यासारखं करा. गाडीत बसायला आवडणाऱ्या कुत्र्यासमोर गाडीचं दार उघडून धरा. दिसेनासा झाला असेल तर फाटक उघडं ठेवून आत त्याचं अंथरूण आणि तुमचा वापरलेला कपडा ठेवा, घरी एक जण थांबू द्या. अलीकडचा फोटो शेजारी, पशुवैद्य आणि प्राणी-निवाऱ्यांना लगेच पाठवा आणि चिपच्या नोंदणीत 'हरवला' अशी नोंद करा.

तो परत आला की रागावू नका, कितीही धावपळ झाली असली तरी. रागावलं की तो एवढंच शिकतो की परत येणं वाईट. खाऊ द्या, पंजे आणि पोट जखमांसाठी तपासा, पाणी द्या. मग त्याला घरात ठेवून कुंपणाशी जा आणि तो कुठून गेला ती जागा शोधा: कडेवरचे ओरखडे, जाळीत अडकलेले केस, तळाशी उकरलेली माती. ती जागा आणि तिच्यासारख्या आवारातल्या बाकीच्या सगळ्या जागा दुरुस्त होईपर्यंत तो आवारात फक्त पट्ट्याला जाईल.